बोलकी दाढ

शिवमूर्ती कोरे ऊर्फ आप्पा यांच्या खालच्या डाव्या दाढेला कीड लागली, हे ऐकून तासगावात कुणाचीही भुवई वर गेली नाही. जो माणूस चाळीस वर्षं रोज दुपारी बेदाणे चावायचं काम करतो, त्याच्याबद्दल नवल करायचंच तर बाकीच्या दाढा अजून जागेवर कशा राहिल्या याचं करावं.

बेदाण्याच्या सौद्यात आता बरंचसं काम यंत्रं करायची. पट्ट्यावरून बेदाणा पुढे सरकायचा, वरून कॅमेरा बघायचा आणि रंग, आकार, ओलावा, काडीकचरा सगळं पापणी लवायच्या आत पडद्यावर यायचं. पण शेडवर वाळताना एखाद्या रात्री दमट वारा सुटला, तर बेदाण्याला किंचित आंबूसपणा धरतो. तो दिसत नाही, हुंगून कळत नाही. दुसऱ्यांदा चावल्यावर जिभेच्या मुळाशी कुठेतरी येतो आणि जातो. यंत्राला जीभ नव्हती, म्हणून आप्पांची नोकरी होती. प्रत्येक लॉटमधले दोन-तीन दाणे तोंडात टाकायचे, चावायचे, क्षणभर ठेवायचे आणि शेजारच्या डब्यात थुंकायचे. मग "चालेल" म्हणायचं, किंवा "बाजूला ठेवा" म्हणायचं, किंवा शेतकऱ्याकडे नुसतं बघायचं. तो मुकाट्यानं पेट्या उचलायला लागायचा. दिवसाला दीडशे लॉट व्हायचे. माणसांची पारखही आप्पा साधारण याच पद्धतीनं करायचे, थुंकायचे मात्र नाहीत.

दाताची डॉक्टर नसीमा मुजावर ही आप्पांच्या लेकीच्या, गिरिजाच्या शाळेतली, तिच्या मागे दोन वर्षं. तिच्या दवाखान्यात आप्पा पेशंट कमी आणि घरातले वडीलधारे जास्त असायचे.

"भोक मोठं आहे," आरसा तोंडातून काढत ती म्हणाली. "पण नस वाचलीय. भरून भागेल."

"मग भर की. एकला सौदे सुरू होतात."

"काय भरू ते तर सांगा."

"चांदी. माझ्या वडलांची चांदी शेवटपर्यंत हलली नव्हती."

"चांदी बंद झाली, आप्पा. निम्मा पाराच असायचा त्यात. टिकायची खरी, पण पारा शेवटी नदीत जायचा. आता दुसऱ्या आहेत, बघा."

तिनं ट्रेमध्ये नमुने मांडले. आप्पा उठून बसले, चष्मा लावला. नमुना समोर आला की त्यांचा चेहराच बदलायचा.

पहिली दाताच्याच रंगाची. राळेत काचेची बारीक पूड कालवलेली; मऊ असताना भरायची, वरून निळा उजेड मारला की वीस सेकंदांत दगड. आप्पांनी ती नखानं ठोकून बघितली आणि "देखणी आहे" एवढंच म्हणाले. देखणेपणावर त्यांचा पहिल्यापासून थोडा राग होता. दुसरी काचेचं सिमेंट. तिला मध्ये डिंक लागत नाही, ती आपली आपण दाताला धरते आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहते, त्यामुळे शेजारी कीड फिरकत नाही. दिसायला मळकट, आणि झिजते. तिसरी सोन्याची. "ही भरली की लोक माझ्याशी बोलणार नाहीत, दाढेशी बोलतील," आप्पा म्हणाले आणि ती बाजूला सारली.

"आणि ही बोलकी," नसीमा म्हणाली.

वरून ती पहिलीसारखीच होती. पण तिच्या पोटात कागदाहून पातळ असा एक पापुद्रा होता. त्यातले स्फटिक दाबले गेले की इवलीशी वीज तयार करतात. माणूस चावतो, पापुद्रा दाबला जातो, वीज तयार होते आणि त्याच विजेवर पापुद्रा आपलं काम करतो. बॅटरी नको, तार नको. किती वेळा चावलं, किती जोरात, किती वेळ, लाळेत साखर किती, आम्ल किती, हे सगळं तो खिशातल्या फोनला कळवतो आणि फोन पुढे ज्याला कळवायचं त्याला कळवतो.

"म्हणजे चुगलखोर," आप्पा म्हणाले.

"बोलकीच भर, नसीमा," चूळ भरायच्या पेल्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून गिरिजा बोलली. ती पुण्यात विजेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवायचं काम करायची आणि वडलांच्या दाढेसाठी तिनं एका मीटिंगमधून पंधरा मिनिटं काढली होती.

"मी काय लहान पोर आहे, मी काय खाल्लं हे दाढेनं सांगायला? विचार की मला. सांगतो."

"आप्पा, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे," गिरिजा म्हणाली. "पण आईच्याही शब्दावर होता."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. नसीमानं उगाच ट्रेमधली चिमटी सरळ केली.

गिरिजाच्या आईला, महानंदाला जाऊन चौदा महिने झाले होते. त्याआधीचे तीन महिने गिरिजा रोज रात्री साडेआठला फोन करून विचारायची, "जेवलीस का गं?" आणि महानंदा सांगायची, "जेवले बाई, आत्ताच उठले." अन्ननलिकेतली गाठ तेव्हा एवढी वाढली होती की भाताची पेजसुद्धा घोटाघोटानं जायची. आप्पा त्याच घरात होते. पण त्यांचं ताट झाल्यावर ती मागाहून बसायची, लग्न झाल्यापासूनची रीत, आणि मागाहून बसणारं माणूस जेवतं असं ते धरून चालले होते. दुसऱ्याच्या बेदाण्यातला आंबूसपणा ओळखणाऱ्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात हे कळलं नाही, हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नव्हतं. गिरिजानंही नाही. म्हणूनच ते जास्त लागायचं.

"भर," आप्पा आडवे होत म्हणाले. "बोलकी तर बोलकी."

*

खरं सांगायचं तर महानंदा गेल्यावर आप्पांची रात्रीची भूकच गेली होती. सकाळी सुमनबाई येऊन दोन्ही वेळचं करून जायच्या. दुपारी सौद्याला जायच्या आधी आप्पा उभ्याउभ्या अर्धी भाकरी खायचे. रात्री डबा उघडायचा, बघायचा आणि मिटायचा, एवढीच इच्छा व्हायची. पण साडेआठला गिरिजाचा फोन यायचा आणि महानंदाचा प्रश्न आता आप्पांच्या वाट्याला आला होता. "जेवलात का?" या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनी स्मशानातून येतानाच ठरवलं होतं. मग आठ वाजून दहा मिनिटांनी ते पाटावर बसायचे. अर्धी भाकरी, शेंगाची चटणी, वाटीभर दही. पंधरा मिनिटांत उरकायचं, हात धुवायचे आणि फोन समोर ठेवून बसायचं. "जेवलो" हा शब्द छाती काढून म्हणता यायला हवा, एवढ्यासाठी हा खटाटोप. त्यात तब्येत आपोआप सांभाळली जात होती, पण आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं.

दाढ भरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फोन येत राहिला. मग एका रात्री गिरिजा हसतच बोलली, "आप्पा, चार वेळा जेवलात आज? माझ्यापेक्षा बरं चाललंय तुमचं!"

"चार वेळा?"

"दाढ सांगतेय. चर्वण उत्तम, म्हणे."

आप्पांना त्यातलं फार कळलं नाही. पोर हसली, याचाच आनंद झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन एक दिवसाआड झाला. पुढे साडेआठला फोनऐवजी पडद्यावर एक पिवळा अंगठा उमटायला लागला. मग रविवारी तेवढा फोन राहिला. गिरिजाला नावं ठेवायचं कारण नाही. वर्षभरात पहिल्यांदा ती रात्री शांत झोपत होती. घड्याळ बघून जीव वर-खाली होणं थांबलं होतं. जे विचारायचं ते दाढ सांगत होती, आणि उत्तर समोर असताना प्रश्न विचारायला कामाच्या माणसाला उसंत कुठली?

इकडे आठ वाजून दहा मिनिटांनी पाटावर बसायचं कारणच उरलं नाही. शेजारच्यांची म्हैस मात्र त्या काळात तुकतुकीत झाली. सुमनबाईंना डबा रिकामा दिसायचा, त्या समाधानानं घासायच्या.

*

सहा महिन्यांनी तपासणीला गेले, तेव्हा नसीमानं दारातच विचारलं, "आप्पा, शर्ट कुणाचा घातलाय?"

"माझाच की."

"मग आतला माणूस कुणाचा?"

काट्यावर उभं केलं तर सात किलो कमी भरले. तिनं बळंच रक्त तपासून घेतलं, पोटाचा फोटो काढायला लावला. दोन दिवसांनी सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. मग तिनं त्यांना परत बोलावलं आणि दाढेची नोंद स्वतःच्या मोठ्या पडद्यावर उघडली. गिरिजाच्या फोनवर दिवसाचा फक्त निकाल जायचा. इथे एकेक घास दिसत होता.

बराच वेळ ती बघत राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अर्ध्या तासात तीनशेच्या वर चावलं, तर हे यंत्र त्याला जेवण म्हणतं, आप्पा. आणि लाळेत साखर दिसली, की पोट भरलं म्हणतं. ज्यांनी हे बनवलं त्यांच्यात बेदाणे चावून थुंकणारा माणूस कुणी नसणार. दुपारी एक ते चार तुम्ही रोज चार वेळा जेवताय! आणि रात्री..." तिनं बोट खाली सरकवलं. "रात्री काहीच नाही. रविवार सोडून. रविवारी काय असतं?"

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"गिरिजाला सांगू नको," ते म्हणाले.

"नाही सांगणार. मी डॉक्टर तुमची आहे. तुम्ही सांगा."

"काय सांगू? भूक लागत नाही म्हणून सांगू, की तुझा फोन येत नाही म्हणून?"

"दुसरं."

"ते कुठल्या तोंडानं सांगायचं गं? तिला तिकडे काम आहे. बापानं पोरीला फोन कर म्हणून मागायचं, म्हणजे..." त्यांनी हातानंच वाक्य पुरं केलं. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या एका शब्दाची वाट बघितली होती. स्वतः शब्द मागायची सवय कुठून असणार?

"मग मी म्हणते ते ऐका. रात्री जेवा."

"बघतो," आप्पा म्हणाले. सौद्यात "बघतो" म्हणजे नाही, हे नसीमाला चांगलं ठाऊक होतं.

*

बुधवारी सौदे बंद असायचे. त्या बुधवारी सकाळी चहा घेता घेता आप्पांच्या डोक्यात एक खोडी आली. माणूस पासष्टीचा झाला म्हणून खोड्या सुचायच्या थांबत नाहीत. उलट मोकळा वेळ मिळतो. आज काहीच चावायचं नाही, त्यांनी ठरवलं. चहा, ताक, पाणी. दाढेला दिवसभर उपाशी ठेवायचं आणि बघायचं काय होतं.

दुपारपर्यंत मजा वाटली. चारच्या सुमाराला हात आपोआप डब्यातल्या भाकरीकडे गेला, तेव्हा त्यांना कळलं की भूक अजून आपल्याकडे आहे. नुसती रुसून बसली होती. साडेसातपासून ते फोन समोर ठेवून बसले. आठ पस्तीसला वाजला.

"आप्पा!" गिरिजाचा आवाज चिरका झाला होता. "सकाळपासून एक घास नाही? काय होतंय? गिळताना दुखतंय का?"

आप्पांना काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. पोरगी घाबरलीय हे कळत होतं आणि तरी छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. पाच महिन्यांनी बुधवारचा फोन आला होता. त्या आनंदाच्या भरात, तिची भीती घालवायच्या घाईत, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं काही नाही. जेवलो की, आत्ताच उठलो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"खोटं," गिरिजा म्हणाली. हळू म्हणाली, पण आप्पांच्या कानात ते बराच वेळ राहिलं. "माझ्यासमोर दिसतंय आप्पा. शून्य. हेच वाक्य. आईचं हेच वाक्य होतं."

"गिरे, ऐक..."

"तुम्हीसुद्धा?" फोन बंद झाला.

आप्पांनी फोन समोर ठेवला. जे एक खोटं आयुष्यात बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तेच ते बोलून बसले होते, आणि तेही महानंदाच्या शब्दांत. परत फोन लावायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. बोलून आणखी काय सांगणार? एक गोष्ट मात्र पक्की झाली. ही दाढ तोंडात असेपर्यंत आपल्या शब्दाला घरात किंमत नाही.

*

गुरुवारी दहाच्या ठोक्याला ते नसीमाच्या खुर्चीत होते.

"काढ ही. आणि ती मळकट काचेची भर."

"झिजेल ती. तीन-चार वर्षांनी परत करावी लागेल."

"झिजू दे. गप्प तरी बसेल."

"दाढ गप्प झाली की गिरिजाच्या फोनवर लाल पट्टी येईल. तिला सांगितलंय का तुम्ही?"

आप्पांनी उत्तरादाखल तोंड उघडलं. दाताच्या डॉक्टरशी वाद टाळायला यापेक्षा चांगला उपाय नाही. नसीमानं मान हलवत सुई दिली. जबडा बधिर झाल्यावर तोंडावर निळं रबर ताणलं. त्याच्या भोकातून एकटी ती दाढ वर आली. पाण्याचा फवारा, यंत्राची किरकिर. पंधरा मिनिटांत बोलकी भर तुकड्या-तुकड्यांनी ट्रेमध्ये आली. मसुरीच्या डाळीएवढी होती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "नसीमा! आप्पा इथे आहेत का?"

गिरिजा पहाटेच पुण्याहून निघाली होती. घराला कुलूप बघून शेजारी विचारलं आणि तशीच धावत आली होती. केस नीट बांधलेले नव्हते, हातात गाडीची किल्ली तशीच. तिनं आधी वडलांकडे बघितलं. त्यांच्या गळ्याशी हाडं दिसत होती. मग ट्रेकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. म्हणजे तिला तसं वाटलं.

"काढून टाकलीत," ती म्हणाली. "मला दिसू नये म्हणून."

आप्पांनी "अं, अं" केलं. निळ्या रबरामागून तेवढंच येत होतं.

"थांब, नसीमा. परत तीच भर."

"दाढ त्यांची आहे, बाई."

"आणि बाप माझा आहे! बघ ना कसे झालेत. रोज चार वेळा जेवणारा माणूस असा दिसतो?"

नसीमा आप्पांकडे वळली. "आप्पा, तुमची नोंद हिला दाखवू? हो असेल तर मान हलवा. बोलायचं काही नाही."

आप्पांनी छताकडे बघितलं. मग डोळे मिटून मान हलवली.

पडद्यावर आडवे दिवस होते आणि उभे तास. जिथे चावलं तिथे काळे ठिपके. दुपारी एक ते चारचा पट्टा मुंग्यांच्या रांगेसारखा गच्च होता. गिरिजानं तो बघितला, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"सौदा," ती पुटपुटली. "बेदाणे. हे जेवण नाहीच... नसीमा, मी त्या पेट्यांवर बसून अभ्यास केलाय. आणि मला कळलं नाही?"

"यंत्राला कळलं नाही, ते सोड. हे वर बघ."

वरच्या अंगाला, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, ठिपक्यांची एक बारीक ओळ होती. रोज आठ दहा ते आठ पंचवीस. तीन आठवडे सलग. मग दिवसाआड. मग ओळ तुटली आणि सात-सात दिवसांनी एकेक ठिपका राहिला.

"हे रविवार आहेत," नसीमा म्हणाली. "मी विचारून दमले, रविवारी काय असतं ते सांगत नाहीत."

गिरिजा पडद्याच्या जवळ गेली. बोटानं एकेक रविवार मोजत ती खाली आली. मध्ये एक रविवार कोरा होता. त्या रविवारी ती ऑफिसच्या सहलीला गेली होती आणि फोन होणार नाही, असं तिनं आदल्या दिवशीच कळवलं होतं. ती तिथेच थांबली. ज्या दिवशी तिनं विचारलं होतं, त्या दिवशी हे जेवले होते. विचारायच्या पाच मिनिटं आधी.

ती मागे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

"सांगायचं नाही होय, आप्पा?" ती म्हणाली.

आप्पांना सांगायचं होतं. कालच्या खोट्याबद्दल सांगायचं होतं, वीस महिन्यांचं बरंच काही होतं. पण अर्धा जबडा मेलेला, तोंडात नळी, वर रबर. त्यांनी काय करावं? छातीवर पसरलेला कागदी रुमाल त्यांनी डाव्या हातानं जरा उचलला आणि उजवा हात त्याच्याखालून तिच्यापुढे केला.

पूर्वी बाजारात सौदे असेच व्हायचे. घेणारा आणि अडत्या एकमेकांचे हात रुमालाखाली धरायचे आणि चार माणसांसमोर, तोंडातून शब्द न काढता, बोटं दाबून आकडे सांगायचे. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. ती पद्धत कायद्यानं कधीच गेली. पण गिरिजा लहान असताना आप्पा तिच्याशी असेच सौदे करायचे. किती गोष्टी सांगू, जत्रेत पाळण्यात किती वेळा बसायचं. आई चिडायची, पोरीला दलाल करणार आहात का म्हणून.

गिरिजानं हात रुमालाखाली घातला.

आप्पांनी तिचा अख्खा पंजा धरला. सोडला. मग दोन बोटं धरली.

"सात," गिरिजा म्हणाली. "सात काय?"

नसीमा म्हणाली, "अगं, सौद्यात मोठ्यानं बोलतात का?" आणि तोंड फिरवून काचेवर सिमेंटची पूड काढायला लागली.

सात काय, हे गिरिजाला समजायला वेळ लागला नाही. आठवड्याचे दिवस तेवढेच असतात. तिनं त्यांची बोटं घट्ट धरून होकार भरला. पण ती कोऱ्यांची पोरगी होती. एका बाजूनं झालेला सौदा तिला पटणारा नव्हता. तिनं त्यांचं एकच बोट धरलं.

आप्पांनी भुवया वर केल्या.

"एकच मागतेय," ती म्हणाली. "जेवला नसाल, तर नाही जेवलो म्हणायचं. दुखत असेल तर दुखतंय म्हणायचं. मी घाबरेन म्हणून गोड बोलायचं नाही. मला घाबरू दे, आप्पा. आईनं मला घाबरू दिलं नाही."

रुमालाखालचा हात बराच वेळ हलला नाही. सात दिवस मागणं त्यांना सोपं गेलं होतं. हे एक जड होतं. घरात कुणी कधी "मला बरं वाटत नाही" असं सरळ म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आईवडलांनी नाही, महानंदानं नाही, त्यांनी स्वतः तर नाहीच. डाव्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं. ते इंजेक्शनचं नव्हतं.

मग त्यांनी तिचं एक बोट धरलं आणि दाबलं.

"झालं का तुमचं?" नसीमा न वळता म्हणाली. "मला सांगा आता. खड्डा सुकवून ठेवलाय. काय भरू?"

ती गिरिजाला विचारत होती. गिरिजानं ट्रेमधल्या त्या डाळीएवढ्या तुकड्यांकडे बघितलं. सहा महिन्यांची तिची झोप त्यात होती. उद्यापासून रात्री साडेआठला तिचा जीव पुन्हा वर-खाली होणार होता आणि तो फक्त एका माणसाच्या शब्दावर खाली येणार होता.

"ते म्हणतायत तीच," ती म्हणाली. "काचेची."

नसीमानं पूड आणि द्रव झरझर कालवला, दाढेत भरला, बोटानं दाबून धरला. "ही दाताला आपली आपण धरते," ती गिरिजाला म्हणाली, "पण पहिला तासभर तिला कुणी छेडायचं नाही. तासभर काही खायचं नाही, आप्पा. तोवर बधिरपणाही उतरेल. नाहीतर जीभ चावून घ्याल आणि सौद्यात बसाल मुक्यानं."

रबर निघालं. आप्पांचं तोंड एका बाजूला लोंबत होतं. ते काहीतरी बोलले. ते "चला" होतं असं दोघींनी मानून घेतलं.

कोपऱ्यावर सरूबाईंचं छोटं हॉटेल होतं. आप्पांनी गिरिजाला हाताला धरूनच तिथे बसवलं आणि बोटानं तिच्याकडे, मग भिंतीवरच्या पाटीकडे खूण केली.

"मला नको. वाटेत..." गिरिजा बोलायला लागली आणि थांबली. वडील तिच्याकडे लॉट बघावा तसे बघत होते. तिला हसू आलं. "नाही, आप्पा. काही खाल्लं नाही. काल रात्रीपासून. भूक लागलीय."

"उप्पीत," आप्पा म्हणाले. "दो...दोन."

सरूबाईंनी वाफाळत्या दोन बशा आणून ठेवल्या. आप्पांनी पाण्याचा पेला उचलला, अर्धं पाणी हनुवटीवरून शर्टावर गेलं. गिरिजानं ओढणीच्या टोकानं पुसलं. ते लहान पोरासारखे मान वर करून बसले. मग तिनं एक बशी त्यांच्यापुढून ओढून घेतली आणि वर ताटली पालथी घातली. स्वतःच्या बशीवरही एक घातली.

"अगं, तू खा की," सरूबाई म्हणाल्या. "बापाचं दुखतंय, तुझं कुठे दुखतंय?"

"खाणार आहे. पावणेबाराला, आप्पांचा तास भरला की," गिरिजा म्हणाली.

"तोवर गार गोळा होईल त्याचा!"

आप्पांनी सरूबाईंकडे बघून हात हलवला, आणि सावकाश, एकेक अक्षर जागेवर बसवत म्हणाले, "होऊ... दे."